सतरंजीपलीकडची उत्तरं

आक्का, तुझ्या पिंडाला कावळा शिवला नाही.

हे तुला मीच सांगायला हवं. कावळा का शिवला नाही हे तिथं जमलेल्यांत मला एकट्यालाच ठाऊक होतं. बिंदुसरा नदीच्या वाळूत जोशीबुवांनी पानावर पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागं सरकून उभे राहिलो. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या बाभळीवर बसलेले होते. एक खाली उतरला, पिंडाभोवती चालला, मान तिरपी करून आमच्याकडं पाहिलं आणि परत बाभळीवर जाऊन बसला.

दौलतकाका पुढं झाले. आपल्या भावकीत आता तेच वडीलधारे. हात जोडून म्हणाले, "आक्के, गोदूची काळजी करू नगं. तुझ्या भाचीचं लगीन चांगल्या घरी करू. आमी हाव."

कावळा हलला नाही.

"तुझी गाय इकणार न्हाई, आक्का," कुणीतरी म्हणालं.

काहीच नाही. ऊन चढत होतं, वाळू तापत होती. मागून एक जण म्हणाला, "मिसरीची डबी ठिवा की बाजूला! आक्का मिसरी लावल्याबिगर कधी जेवली होती का?" दोघंतिघं हसले. मीही हसलो. तेवढंच बरं वाटलं, कारण हसण्याच्या नादात माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

मग जोशीबुवा माझ्याकडं वळले. "मास्तर, तुम्ही सख्खे भाऊ. तिचं काही मागं राहिलं असेल तर ते तुम्हालाच माहीत असणार. मोठ्यानं बोला. मनातल्या मनात नको."

मी तोंड उघडलं, आक्का. पुढं काय झालं ते सांगतो. पण मागचं सांगितल्याशिवाय ते सांगता येणार नाही, आणि मागचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

तू माझ्याकडं बीडला आलीस ती प्लेगात तुझी भावजय गेली तेव्हा. त्याआधी तू लिंबागणेशजवळच्या आपल्या गावी, दादांच्या घरात, विधवा लेक म्हणून माजघराच्या एका कोपऱ्यात राहत होतीस. आई गेल्यावर मला तूच वाढवलं होतंस. आता माझी पोर वाढवायला आलीस. गोदू तेव्हा पाळण्यात होती. मांजरसुंब्याचा घाट उतरून तुझी बैलांची दमणी दारात थांबली. तू खाली उतरलीस आणि पहिलं वाक्य बोललीस ते हे: "बापू, चूल कुठं हाय?"

मी सरकारी मदरशात इंग्रजीचा मास्तर. मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या राज्यातली शाळा, सगळं शिक्षण उर्दूतून. पोरांच्या घरी बोली मराठी, पुस्तक उर्दू, आणि त्यातून त्यांना घ्यायचं इंग्रजी. माझी स्वतःची वाटही तीच, त्यामुळं उद्याचा धडा आज मोठ्यानं घोकल्याशिवाय माझं धाडस होत नसे. सकाळी मी चुलीसमोर पाटावर बसून घोकायचो आणि तू भाकरी थापायचीस. तू ऐकत असशील हे माझ्या ध्यानातच आलं नाही. भांड्यांना काय ऐकू येतं, तशातलंच.

एक दिवस तू तव्यावरची भाकर उलथत म्हणालीस, "बापू, काल 'बॉय रन्स' म्हणलास. आज 'बॉईज रन'. तो 'स' कुठं गेला रे?"

मी चकित झालो. माझ्या वर्गातल्या एकाही पोराच्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. मी समजावलं: कर्ता एक असला की 'स' क्रियापदाला लागतो, कर्ते अनेक झाले की तो 'स' कर्त्याकडं जातो आणि क्रियापद रिकामं राहतं.

तू ती भाकर उतरवलीस. मग म्हणालीस, "म्हंजी दोघी जावांत एकच शाल हाय. एकीनं पांघरली की दुसरी उघडी."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हेच सांगितलं. पोरांना चटकन कळलं. ही शाल कुणाची, ते मात्र मी सांगितलं नाही. चोरीची सुरुवात तिथून धरायची तर धर.

त्यानंतर तूच रीत घालून दिलीस. मी कर्ता म्हणायचो, तू भाकर तव्यावर टाकता टाकता क्रियापद म्हणायचीस. 'द काऊ' म्हटलं की 'गोज'. 'द काऊज' म्हटलं की 'गो'. चुकलं तर ती भाकर तुझी, बरोबर आलं तर माझी. पहिल्या पावसाळ्यात तू सगळ्या भाकरी स्वतःपुढं ओढल्यास आणि मी हसत उपाशी शाळेत गेलो. पुढं पुढं टोपल्यातली प्रत्येक भाकर माझी होऊ लागली. पीठ मळून झालं, परात समोर घेतली की तू पदर खोचून म्हणायचीस, "आय ऍम रेडी." मी तयार आहे. तेवढं म्हटल्याशिवाय तू पहिली भाकर थापत नव्हतीस. गोदू ते ऐकून टाळ्या वाजवायची.

वाद आपला झाला तो एकाच गोष्टीवर. तो तुला आठवत असेल.

"माय फादर," मी म्हणालो.

"आर," तू म्हणालीस.

"इज. बाप एकच असतो, आक्का."

"एकच असतो म्हणून काय झालं? गडी आला म्हणतो आपण. पाटील आला म्हणतो का? पाटील आले. दादा आले. तुझ्या सायबाला बाप न्हाई का?"

"त्यांच्यात मानाला निराळं क्रियापद नाही. राजालाही इज, भिकाऱ्यालाही इज."

"आन् मला?"

"तुलाही इज. शी इज."

तुझे हात थांबले. परातीतल्या पिठावर तुझी बोटं तशीच उमटून राहिली. "म्हंजी पाटलाला बी इज आन् रांडमुंड बाईला बी इज?"

"हो."

"मग चांगलं हाय की," तू म्हणालीस.

आणि हसलीस. तुझ्या नवऱ्यामागं तू तशी हसलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवसापासून 'माय फादर आर' तुझ्या तोंडून गेलं. माझ्या वर्गातली पोरं मात्र अजून तेच लिहितात. बापाला इज लावायला त्यांचा हात धजत नाही. तुझा धजला.

आणखी एकदा तू विचारलंस, "'आय'ला कावून येगळं क्रियापद? ना इज, ना आर?"

"ते त्याचं एकट्याचं. ऍम."

"दुसऱ्या कुणालाच लागत न्हाई?"

"नाही. ज्याचं त्यानंच म्हणायचं."

तू मान हलवलीस. चुलीतलं लाकूड पुढं सारलंस. मी ते सहज बोललो होतो. मास्तर बोलतात तसं.

मग अंबाजोगाईला मुलींची शाळा निघायची ठरली. शिकवायला बाई मिळेना. मराठी येणारी आणि चार वाक्यं इंग्रजी बोलणारी बाई या मुलखात कुठून मिळणार? शाळाखात्याच्या जिल्ह्याच्या साहेबांना आम्ही मोहतमीम साहेब म्हणायचो. एकदा त्यांच्यासमोर मीच फुशारकी मारली की माझी बहीण माझ्या वर्गापेक्षा बरं बोलते. त्यांनी ते ध्यानात ठेवलं. हैदराबादेहून एक इंग्रज मडम शाळांच्या तपासणीला आल्या तेव्हा निरोप आला: जाता जाता तुमच्या घरी येतो, बहिणीला चार प्रश्न विचारतो. पास झाली तर शाळेच्या आवारातच राहायला खोली.

तुला निरोप सांगितला. त्या दिवशी तू मिसरी लावायची विसरलीस. आणि दोन-तीनदा विचारलंस, "गोदूला नेता यील का संगं?"

आता ऐक. मी लोकांना पुढं सांगत आलो की पाटलाची विधवा लेक परगावी नोकरी करते म्हटल्यावर भावकीनं आम्हाला जगू दिलं नसतं. दौलतकाका तसं बोललेही होते, खोटं नाही. "पाटलाच्या घरची बाई पगार घेती? मग आमी मिशा ठिवायच्या कशाला?" पण मला मिशांची चिंता नव्हती. मला चिंता होती ती सकाळची. तू गेल्यावर चूल कोण पेटवणार, गोदूला कोण न्हाऊ घालणार, मी शाळेतून आल्यावर दार कोण उघडणार. मला गरम भाकर पाहिजे होती, आक्का. इतकंच. याहून मोठं कारण सापडावं म्हणून मी पुष्कळ वर्षं शोधलं. सापडलं नाही.

ते लोक आले. ओसरीवर मी बैठक घातली होती. मोहतमीम साहेब पुरुष, परके. आपल्या घरात गोषा. म्हणून माजघराच्या दाराला सतरंजी टांगली आणि तू आत बसलीस, गोदूला मांडीवर घेऊन. टोपी काढून मडम उठल्या आणि म्हणाल्या की मी बाई आहे, मी आत जाऊन बोलते.

तिथंच सगळं घडलं. पुढची सगळी पडझड त्या एका क्षणातली. मी त्यांच्या आडवा झालो. म्हणालो, आमच्या घरात ती रीत नाही. परधर्माच्या बाईलाही आत येता येत नाही. बहीण उत्तरं आतून मला सांगेल, मी ती मोठ्यानं सांगेन.

अशी रीत आपल्या घरात कधीच नव्हती. बोहारणी आत येत, कासारीण आत येई, मिशनची दवाखान्याची बाई तुझ्या भावजयीच्या बाळंतपणाला आत येऊन गेली होती. तू सतरंजीआड बसून माझं बोलणं ऐकलंस. तुला तेव्हाच कळलं असेल.

मोहतमीम साहेब गुडगुडी ओढत म्हणाले, "कोई बात नहीं मास्टरसाब. आप ही बताइए. गाडी अंधाराच्या आधी घाटापलीकडं पोचली पायजे."

मडम परत बसल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला. तुझे वडील काय करतात? मी सतरंजीजवळ कान नेला. तू हळू पण स्वच्छ सांगितलंस. मी वळलो आणि मोठ्यानं म्हणालो, "माय फादर आर अ फार्मर."

तुझी जुनी चूक. तू जिच्याशी भांडली होतीस आणि जी टाकून दिली होतीस, ती मी उचलून परत तुझ्या तोंडी घातली. दुसरी कुठली चूक केली असती तर कदाचित मडमना संशय आला असता. पण ही चूक या मुलखातला प्रत्येक माणूस करतो हे त्यांना पाठ होतं. त्यांनी मान हलवली.

दुसरा प्रश्न मुलींविषयी होता. मुली सकाळी काय करतात? तू बरोबर सांगितलंस, मी 'स' चुकीच्या जागी टाकला. तुझी शाल मी दोघींवर पांघरली आणि मग दोघींवरून ओढून घेतली. मोहतमीम साहेबांना इंग्रजी बेताचंच, ते कौतुकानं हसत होते.

मग मडम मऊ आवाजात म्हणाल्या, स्वतःविषयी काही सांगा. काहीही.

तू जे सांगितलंस ते मला ऐकू आलं. मी वळलो आणि म्हणालो, "आय इज रेडी."

ही चूक तू कधीच केली नव्हतीस. पहिल्या दिवसापासून कधीच नाही. मडम क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या, मग किंचित हसल्या, हात पाठीमागं घेऊन उठल्या. म्हणाल्या, आणखी वर्षभर शिकवा.

मी खाली पाहिलं. सतरंजीच्या खालच्या कडेला तुझी बोटं दिसत होती. कड मुठीत धरलेली. एवढंच करायचं होतं तुला, आक्का: मोठ्यानं एक वाक्य बोलायचं. मडमना ते ऐकू गेलं असतं, साहेबांनाही गेलं असतं, आणि मी जागच्या जागी उघडा पडलो असतो. भावकीनं नावं ठेवली असती ती तुला, की परक्या पुरुषासमोर आवाज काढला. पण नोकरी तुला मिळाली असती. मी वाट बघत होतो. खरंच, तू बोलशील म्हणून मी वाट बघत होतो. थोडा भीत होतो, थोडा इच्छितही होतो.

बोटं सुटली. सतरंजीची कड हलली आणि थांबली. पाहुण्यांची गाडी निघून गेली.

तू बाहेर आलीस. मला वाटलं आता रडशील, शिव्या देशील, डोकं आपटशील. तू विचारलंस, "बापू, भाकरी किती टाकू?"

त्यानंतर तू इंग्रजीचा एक शब्द बोलली नाहीस. मी सकाळी पाटावर बसून घोकत राहिलो. मुद्दाम चुकत राहिलो, तू टोकशील म्हणून. 'द बॉय रन' म्हणायचो आणि थांबायचो. तू भाकर उलथायचीस. पदर खोचायचीस, पण पीठ समोर घेताना ते वाक्य आता येत नव्हतं. एकदा मीच म्हणालो, "रेडी का, आक्का?" तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "जेव आता. शाळंला उशीर हुतोय."

इतकी वर्षं तू मला गरम भाकर घातलीस. ज्या भाकरीसाठी मी तुला विकलं ती रोज माझ्या ताटात होती, आणि तुला ते ठाऊक होतं, आणि तू तरीही तूप जास्त वाढायचीस. यातलं शिक्षा कुठलं आणि माया कुठली हे मला कळलं नाही. तुझ्या आजारातही विचारायला जमलं नाही. तुझ्या उशाशी बसून मी किती वेळा "आक्का, एक सांगायचं होतं" म्हणालो. तू दर वेळी म्हणायचीस, "गोदूला जेवायला वाढ आधी."

आता नदीवरचं.

जोशीबुवा म्हणाले, मोठ्यानं बोला. सगळे माझ्याकडं बघत होते: दौलतकाका, भावकी, शेजारी, माझ्या शाळेतले दोघं मास्तर. मला ठाऊक होतं की एक वाक्य बोललो तर कावळा उतरेल. 'आक्का, त्या दिवशी मी तुझी उत्तरं बदलली.' एवढंच. मराठीत. मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, "आक्का, गोदूची काळजी करू नको."

दौलतकाकांचंच वाक्य. तेही माझं नव्हतं.

कावळा बाभळीवरच. शेवटी जोशीबुवांनी सुस्कारा टाकला. दर्भाची काडी वळून तिचा कावळा केला आणि माझ्या हातात दिला. "शिवा पिंडाला, मास्तर. आता काय करणार?" मी गवताचा कावळा पिंडाला लावला. तुझ्या वतीनं, माझ्या हातानं, खोटं. दुसऱ्यांदा. लोक म्हणाले, झालं, सुटली बिचारी. आणि आंघोळीला पाण्याकडं वळले.

घरी आल्यावर मी गोदूला जवळ बसवलं. तिचं लग्न ठरत आलंय, पाहुणे बघून गेलेत. म्हणालो, "गोदू, उद्यापासून मी तुला इंग्रजी शिकवतो. लगीन थांबवू."

ती चुलीसमोर तुझ्या जागेवर बसली होती. राख सारत म्हणाली, "नगं बाबा."

"का गं?"

"मी एकदा आत्याला म्हणले होते, मला शिकीव. तर आत्या म्हणली, शिकून सतरंजीमागंच बसायचं तर शिकावं कावून?"

मग तिनं विचारलं, "बाबा, त्या दिवशी आत्या येगळं बोलली आन् तुमी येगळं बोललात, असं मला लई दिवस वाटतंय. मी तिच्या मांडीवर हुते. खरं हाय का सपान पडलं हुतं?"

मी तिला सांगितलं, खरं आहे. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उठली आणि पाणी भरायला गेली. परत आल्यापासून माझ्याशी बोललेली नाही. ताट मात्र वाढते. तुझ्यासारखंच.

म्हणून हे लिहितोय आणि छापायला देतोय. ज्या माणसांसमोर नदीवर गप्प राहिलो ती वाचतील. मोहतमीम साहेब आता हयात नाहीत, मडम विलायतेला गेल्या असतील. त्यांच्यापर्यंत हे जाणार नाही. तुझी नोकरी परत येणार नाही, अंबाजोगाईच्या त्या पोरी आता आया झाल्या असतील. मला माफी नको. मागायची तर कुणाकडं? फक्त त्या दिवशीचा निरोप्या मी होतो, आणि निरोप पोचवायचा राहिलाय.

आक्का, मडमनी विचारलं, तुझे वडील काय करतात. तू म्हणालीस: माय फादर इज अ फार्मर.

त्यांनी विचारलं, मुली सकाळी काय करतात. तू म्हणालीस: द गर्ल्स ब्रिंग वॉटर. वन गर्ल रीड्स.

त्यांनी विचारलं, स्वतःविषयी काही सांगा.

तू म्हणालीस: आय ऍम रेडी.